पाटीलबाईंनी कोरे सोडलेले प्रश्न

पाटीलबाईंना कोणी ‘अंदाजे सांगा ना’ म्हटलं, की त्यांचं डोकं फिरायचं. गोष्ट कितीही साधी असो. नगरला तारकपूरच्या स्टँडवर उभ्या असताना मी एकदा विचारलं, "बाई, नेवाशाची गाडी कधी येईल?"

"बोर्डावर साडेपाच लिहिलंय."

"ते झालं हो. पण येईल कधी?"

"आली की कळंल."

संपलं. पुढे बोलायला जागाच ठेवायच्या नाहीत. मी तोंड फिरवून उभी राहिले. गाडी सव्वासहाला आली, तेव्हा बाईंनी ‘बघ, म्हटलं नव्हतं का’ असंही म्हटलं नाही, कारण त्यांनी काही म्हटलेलंच नव्हतं.

त्यांचं नाव ताराबाई दहातोंडे. नेवासे तालुक्यात पाटाच्या कडेच्या एका गावच्या त्या पोलीस पाटील. गावात मारामारी झाली, चोरी झाली, विहिरीत कोणी सापडलं, की ठाण्याला पहिली खबर त्यांनी द्यायची आणि पंचनाम्याला उभं राहायचं. आधी नवरा पोलीस पाटील होता. तो गेल्यावर बाईंनी रीतसर परीक्षा देऊन ते पद मिळवलं, आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए.ही केलं. वय पंचेचाळिशीच्या पुढे. अंगानं उंच, उन्हानं रापलेल्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. क्लासमधल्या पोरी त्यांच्या माघारी म्हणायच्या, "आडनाव दहातोंडे, आणि एक तोंड उघडायचं तर मारामार!"

क्लास म्हणजे नगरला दिल्लीगेटजवळ एका कापडदुकानाच्या वरची लांबडी खोली. लॉच्या प्रवेशपरीक्षेची तयारी तिथे भोससर करून घ्यायचे. आमची बॅच सगळी दुसऱ्यांदा बसणाऱ्यांची. म्हणजे आदल्या वर्षी ज्यांचं गाडं अडलं, ते सगळे. मीही त्यातलीच. बी.कॉम. झाले, परीक्षा दिली, मार्क कमी पडले, आणि राहुरीला आमच्या घरात सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलायला लागले. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. एसटीत बसायचं, नगरला उतरायचं, प्रश्न सोडवायचे, परत जायचं. आई पाहुण्यांना सांगायची, तिची तयारी चाललीय. कसली तयारी, डोंबल! मी नुसती दिवस ढकलत होते. त्या वर्षातलं बाकी काही विचाराल तर मला सांगता येणार नाही. पाटीलबाई तेवढ्या आठवतात.

पहिल्याच दिवशी भोससरांनी एकेकाला उभं करून विचारलं, गेल्या वेळी का अडलं? कोणी इंग्रजी म्हणालं, कोणाला वेळ पुरला नव्हता. मी ‘माहीत नाही’ म्हणून बसले. पाटीलबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लई प्रश्न कोरे सोडले हुते."

"वेळ कमी पडला?"

"वेळ उरला हुता."

"मग?"

"येत न्हवते."

सरांना हसू आलं. "अहो बाई, या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. येत नसेल तर चारातला एक पर्याय ठोकून द्यायचा. लागला तर लागला, नाही तर आपलं काय गेलं?"

"माहीत नसताना?"

"माहीत नसतानाच तर ठोकायचं!"

सगळी खोली हसली. बाई खाली बसल्या. मला वाटलं, गावाकडची बाई आहे, नियम ठाऊक नसेल बिचारीला. कसलं काय! नियम त्यांना पहिल्या वेळेपासून पाठ होता. माहीत असूनही त्यांनी ते प्रश्न कोरे सोडले होते, आणि त्या कोऱ्या प्रश्नांनीच त्यांची सीट घालवली होती.

बसायच्या त्या नेहमी दाराजवळच्या बाकावर, कारण गावाकडून फोन कधीही यायचा. वाजला की त्या जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या, पण आवाज असा खणखणीत की आत सरांनासुद्धा थांबावं लागायचं.

"शेळी चोरीला गेली? कोन म्हनतंय चोरीला गेली? तू बघितलं नेताना? मंग कुनी बघितलं? त्याला दे फोन." मग दुसऱ्याशी. "तुमी बी न्हाई बघितलं? मंग चोरीला गेली म्हनू नका. दिसत न्हाई म्हना. ते येगळं आनि हे येगळं."

शेळी संध्याकाळी मकेत सापडली. आम्हाला मात्र खोड लागली. कोणी म्हणालं, ‘यंदा पेपर अवघड काढणारेत म्हणे,’ की मागच्या बाकावरून ओरडा व्हायचा, ‘तू बघितला काय काढताना?’ पोरं बाईंची नक्कल करायची आणि बाई ऐकून घ्यायच्या. वाईट वाटून घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, किंवा वाटत असलं तरी ते दुसऱ्याला दाखवण्यासारखं असतं असं त्यांना वाटत नसावं.

एकदाच सर त्यांच्यापुढे गडबडले. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. फळ्यावर खडू आपटत ते म्हणायचे, "प्रश्नाचं कपाळ मोकळं ठेवायचं नाही! टिकली मारायची आणि पुढं व्हायचं!" पोरी खिदळायच्या. त्या दिवशी वाक्य बोलून झाल्यावर सरांची नजर दाराजवळच्या बाकावर गेली. बाईंच्या कपाळावर काही नव्हतं. सरांनी जीभ चावली. म्हणाले, "माफ करा हं बाई, बोलण्याच्या ओघात..."

"राहू द्या की सर," बाई म्हणाल्या, "मोकळं कपाळ बी कपाळच असतंय."

त्यानंतर सरांनी ते वाक्य म्हटलं नाही.

आम्ही दोघी डबा एकत्र खायचो. त्यांच्या डब्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मेथी. स्वयंपाक कसा झालाय असं त्या कधी विचारायच्या नाहीत. माझ्या तोंडाला त्या काळात चव होती की नव्हती, देव जाणे. समोर येईल ते गिळायचं. एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, "चटणी मस्त झालीय हो बाई." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आज तुझी तब्येत बरी दिसतीय," म्हणाल्या, आणि उरलेली चटणी माझ्या डब्यात उपडी केली. इतके दिवस मी खाण्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, हे माझ्या आईच्या लक्षात आलं नव्हतं.

अभ्यासात त्यांची पहिली झटापट झाली ती कायद्याच्या कोड्यांशी. त्या प्रश्नांत आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग एक घटना, आणि तेवढ्यावरून कोण जबाबदार ते ठरवायचं असतं. सर वाचायचे, "‘अ’चे बैल ‘ब’च्या शेतात शिरले आणि उभं पीक खाल्लं..." की दाराकडून प्रश्न.

"कुंपन कुनाकडं हुतं?"

"ते दिलेलं नाही, बाई."

"बैल सुटलं का सोडलं?"

"तेही दिलेलं नाही!"

"मंग निकाल द्यायचा कशावर? ह्यो ‘अ’ ऱ्हातो कुठं ते सांगा, जाऊन बघून येते."

हसून हसून आमची पोटं दुखली. सरांनी शांतपणे समजावलं, की कागदावर जेवढं आहे तेवढंच खरं मानायचं, स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. बाई विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पदरचं घालायचं न्हाई, व्हय? हे मला जमंल." आणि जमलंही. त्या भागात त्यांना पुढे बरे मार्क पडायला लागले. सामान्य ज्ञान आणि इंग्रजी मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरच राहिलं. तिथले प्रश्न त्या वाचायच्या, माहीत नसलं की पेन उचलायच्या आणि पुढच्यावर जायच्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी मला असंच एकदा डबा खाताना सांगितलं. मीच विचारलं होतं, की बाई, पोलीस पाटीलकी आहे, घर आहे, या वयात वकील होऊन काय करायचंय?

"पोरगं जेलात हाय," त्या म्हणाल्या.

गावात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं होतं. पाळी रात्रीची होती, पाटाचं दारं कोणी फोडलं यावरून दोन घरं भिडली आणि एकाच्या डोक्यात गज बसला. माणूस वाचला, पण एक अंग लुळं पडलं. ठाण्याला पहिला फोन बाईंनीच केला. फिर्यादीत चार नावं आली, त्यात शेवटचं त्यांच्या विशालचं. विशाल म्हणाला, मी तिथं नव्हतोच, मी घरी झोपलो होतो. त्यांचा वकील खूश झाला. पोलीस पाटलाच्या शब्दाला कोर्टात वजन असतं, त्यातून ही बाई अशी, की शेळी हरवली तरी चोरी म्हणत नाही. बाईंनी फक्त सांगायचं होतं, की पोरगा रात्रभर घरी होता.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"जे बघितलं ते. जेवून झोपला, ते बघितलं. पहाटं अंथरुनात हुता, ते बघितलं. मधलं मला ठाव न्हाई. मी झोपले हुते."

सात वर्षांची शिक्षा झाली. विशाल नाशिकच्या तुरुंगात होता. बाईंनी हे सगळं मला शेळीची गोष्ट सांगावी त्याच आवाजात सांगितलं. मी विचारलं, "बाई, पण त्यानं केलं होतं का?"

"इचारलं न्हाई."

"अजून?"

"इचारलं आनि त्यो ‘व्हय’ म्हनला, तर मला ठान्यात जाऊन सांगावं लागंल. हायकोर्टात अपील चालू हाय. म्हनून इचारत न्हाई."

भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी चटणीला लावला. मग वकिलीचं सांगितलं. त्यांनी ते फार दिवस घोळवलेलं असावं, कारण एवढं सलग बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं. साक्षीदाराला शपथ असते, त्यानं बघितलेलंच बोलायचं. वकिलाला मात्र कोणी विचारत नाही, की तू बघितलंस का. त्यानं कागदावर जे आलंय त्यातूनच अशिलाची बाजू मांडायची असते. म्हणजे आई म्हणून जे तोंडातून निघालं नाही, ते वकील म्हणून काढता येईल, आणि त्यात खोटं काही नसेल.

"लेकरासाठी बोलायचं हाय मला," त्या म्हणाल्या. "खोटं न बोलता बोलायचं हाय. दुसरी वाट दिसली न्हाई. वकील म्हनतो, अपील सुनावणीला बोर्डावर यायला चार-पाच वर्सं जातील. तीन वर्सं कॉलेज, मंग सनद. यंदा सीट मिळाली तर गाठ पडंल. यंदा हुकलं, तर त्यो शिक्षा भोगून सुटून येईल आनि मी बाकावर बसलेली असंन."

दर महिन्याला त्या नाशिकला मुलाखतीला जायच्या. काचेच्या पलीकडे विशाल, अलीकडे त्या, बोलायला फोन. मी विचारलं, काय बोलता? म्हणाल्या, "त्यो म्हनतो बरं हाय. मी म्हनते बरं हाय."

इंग्रजी शिकवायला मी एकदा दोन दिवस त्यांच्या गावी राहिले. घरात बाई आणि त्यांची थोरली जाऊ. जाऊबाई माझ्याशी मायेनं वागल्या, तुपाची धार सोडली, पाट मांडला. बाईंशी मात्र एक शब्द नाही. ताट त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. विशालला लहानपणी त्यांनीच सांभाळलेलं. बाई गावात पंचनामे करत फिरायच्या, तेव्हा पोरगं काकूच्या पदराला असायचं. मी चुलीपाशी बसले होते तेव्हा त्या मला म्हणाल्या, पण बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं, "देवानं आडनावात दहा तोंडं दिली गं बया. लेकराच्या वेळंला एक उघडलं न्हाई हिचं."

बाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

दिवस मावळायच्या आत बांधाच्या भांडणातली दोन माणसं आली. दोघं एकमेकांकडं बघायला तयार नाहीत, पण दोघांचं म्हणणं एक, की पाटीलबाई बांध बघून सांगतील ते मान्य. एक जण म्हणाला, "ज्या बाईनं पोटच्या पोराची भीड धरली न्हाई, ती आमची कशाला धरंल?" त्यानं हे कौतुकानं म्हटलं होतं, गाढवानं! आत जाऊबाईंनी बादली अशी आपटली की मी दचकले. गावाला अशी बाई हवी होती, घराला ती सोसवत नव्हती, आणि बाई दोन्हीकडे तीच होती. त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि बांध बघायला गेल्या.

फेब्रुवारीनंतर सराव परीक्षा सुरू झाल्या. भोससरांनी कुठून तरी जुने संगणक आणून बसवले होते. प्रत्येक सरावात बाईंचे मार्क नगरच्या कॉलेजला लागणाऱ्या मार्कांच्या जरासे अलीकडे येऊन थांबायचे. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर कोऱ्या प्रश्नांचे लाल चौकोन दिसायचे. ते भरले असते तर त्यातले काही तरी नक्की लागले असते. गणित पोरासोरांनाही कळत होतं. सरांनी खूप समजावलं. म्हणाले, याला खोटं म्हणत नाहीत बाई, हा खेळ आहे. उरलेल्या सगळ्यांना डोळे मिटून ‘ब’ लावा. बाई माउसवर हात ठेवायच्या. बोट खाली जायचं नाही. हात उचलला जायचा.

शेवटी सरांचा पारा चढला. "अहो, हे कोर्ट नाही!"

"कोर्टातच जायचंय न्हवं, सर?"

सर कपाळावर हात मारून खुर्चीत बसले.

मलाही चीड आली. बऱ्याच महिन्यांनी आली, म्हणून मला स्वतःचंच नवल वाटलं. जिन्यात त्यांना गाठून मी म्हटलं, "बाई, तुमच्यासाठी नका करू. विशालसाठी तरी करा!"

त्या म्हणाल्या, "आगं, तवा बी सगळे हेच म्हनत हुते."

मी जिना उतरून स्टँडकडे निघाले.

परीक्षा ऐन उन्हाळ्यात. केंद्र नागापूरच्या पलीकडे, माळावरच्या एका कॉलेजात. योगायोग असा की आम्ही दोघी एकाच खोलीत आलो. बाई माझ्या पुढच्या रांगेत, जरा उजवीकडे. मला त्यांची पाठ दिसत होती आणि पडद्याची एक कड. त्यांचं येणारं सगळं लवकर सोडवून झालं. वेळ बराच उरला होता. पडद्यावर लाल चौकोन तसेच, आणि बाईंचे दोन्ही हात मांडीवर. मी माझे प्रश्न सोडवत होते आणि मध्येच मान वर करून बघत होते. हात मांडीवरच. मला वाटलं, संपलं. जाऊ दे, ही बाई काही बदलायची नाही.

वेळ संपत आली तेव्हा बाईंनी उजवा तळवा पदराला पुसला, माउस धरला आणि दाबत सुटल्या. प्रश्न वाचत नव्हत्या. एक लाल हिरवा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. गहू निवडतानाचा वेग होता, तोच. पाठ सरळ. सगळा पडदा हिरवा झाला, तेव्हा त्यांनी हात परत मांडीवर घेतले.

बाहेर त्या नळावर हात धूत होत्या. मी धावत गेले.

"उरलेले लावले?"

"लावले."

"सगळे?"

"सगळे."

मला आनंद झाला. खरोखरचा झाला, छातीत काही तरी हलल्यासारखा. त्या वर्षात पहिल्यांदाच. मी त्यांना घट्ट मिठी मारली. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

"काय झालं, बाई?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. ओले हात पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "मला वाटलं हुतं, हात अडंल. कायतरी हुईल. जीव घाबरंल, नायतर रडू येईल. कायबी झालं न्हाई, पोरी. काहीच झालं न्हाई."

"मग चांगलंच की!"

त्यांनी मान हलवली. फाटकाबाहेर आम्ही रस प्यायलो. उन्हाचा तडाखा होता, मी दुसरा ग्लास मागितला. त्यांनी पहिला अर्धा ठेवला. मी माझ्याच आनंदात होते.

निकाल लागला. मला पुण्याचं कॉलेज मिळालं. बाईंचं नाव नगरच्या यादीत आलं. काठावर आलं, पण आलं. अंदाजानं ठोकलेल्यातले काही लागले होते, दुसरं काय! भोससरांनी क्लासात पेढे वाटले आणि दाराजवळच्या बाकाकडं बघून म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या पोरांना मी तुमचं उदाहरण सांगणार." बाईंनी पेढा कागदात बांधून पिशवीत ठेवला. म्हणाल्या, रविवारी मुलाखत आहे. आत न्यायला परवानगी नसते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

प्रवेशाच्या दिवशी त्यांना सोबत म्हणून मी कॉलेजात गेले. मला दुपारच्या गाडीनं पुण्याला निघायचं होतं. व्हरांड्यात ही गर्दी. पोरं, पोरींचे बाप, फायली, पंख्याखाली बसायला झुंबड. आम्हाला एका बाकाचं टोक मिळालं. मी विचारलं, "विशालला सांगितलंत?"

"सांगितलं."

"खूश झाला असेल."

"आधी हसला," बाई म्हणाल्या. "लई दिसांनी हसला. दात दिसलं त्याचं. म्हनला, आई, वकील व्हनार तू! मंग म्हनला, तुला सगळं येत हुतं का गं?"

मला पुढचं कळलं. मला वाटलं, थांबवावं यांना. कसं थांबवायचं?

"मी म्हनलं, न्हाई रं. लई प्रश्न येत न्हवते. ते अंदाजानं लावले."

"बाई, कशाला सांगितलंत?"

"त्यानं इचारलं." त्या समोर भिंतीकडे बघत होत्या. तिथे काही नव्हतं, नुसती पिवळी भिंत. "त्यानं फोन कानापासनं लांब धरला. मला वाटलं, ठेवतोय. ठेवला न्हाई. परत कानाला लावला आनि म्हनला, आई, माझ्या वेळंला एकच प्रश्न हुता गं."

आवाज तोच. रडणं नाही, सुस्कारा नाही. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी धरू दिला. त्या उकाड्यातही तो थंड होता. मला म्हणायचं होतं की तुमचं चुकलं नाही, आणि म्हणायचं होतं की चुकलंच. दोन्ही खरं वाटत होतं. मला आतून फार वाईट वाटत होतं, आणि वाटतंय हे कळत होतं, एवढंच.

आत नाव पुकारलं. बाईंनी पदर खोचला, फाईल घेतली आणि टेबलाशी गेल्या. मी दारातून बघत होते. कारकुनानं मान वर न करता कागद उलटले, शिक्का शोधला, आणि मग समोर बघितलं.

"मुलगा कुठंय? ज्याचा प्रवेश तो समोर लागतो. बोलवा त्याला."

बाई नुसत्या उभ्या राहिल्या. मागची रांग कुरकुरायला लागली.

"अहो मावशी, मुलाला बोलवा म्हटलं. त्याची सही लागेल."

"त्यो न्हाई येऊ शकत," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "प्रवेश माझा हाय."

कारकुनानं पेन पुढे केलं. त्या सहीसाठी वाकल्या. माझ्या गाडीची वेळ झाली होती, मी निघाले.